एसएटी: तीन अक्षरांचा अर्थ गेला कुठे?



परवा एका शनिवारी सकाळी मुलीला परीक्षा केंद्रावर सोडायला निघालो होतो. गाडीत तिने विचारलं, "बाबा, एसएटीचा फुल फॉर्म काय?" मी स्वतः टोफेल दिली, जीआरई दिली, पुढे एमबीएसाठी जीमॅट दिली. पण मला काही सांगता येईना. घरी येऊन शोधलं, तर कळलं की आज या तीन अक्षरांचा काहीच फुल फॉर्म नाही! एके काळी होता. तो का गेला, ते आज तुम्हाला सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरात सध्या हीच परीक्षा चालू आहे.

पूर्वी अमेरिकेत प्रत्येक कॉलेज आपापली प्रवेश परीक्षा घ्यायचं. १९०० साली काही संस्थांनी मिळून कॉलेज बोर्ड स्थापन केलं आणि १९०१ मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. ती आपल्या दहावी-बारावीच्या पेपरासारखीच होती. लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित, आणि सगळी उत्तरं सविस्तर लिहायची.

मग आलं पहिलं महायुद्ध. १९१७ मध्ये रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सैन्यात भरती झालेल्यांच्या बुद्धिमापन चाचण्या सुरू झाल्या. सुमारे १७ लाख जवानांनी त्या दिल्या. त्यातले काही प्रश्न ऐकण्यासारखे आहेत. क्रिस्को म्हणजे काय: औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध? उत्तर: बेसबॉलसाठी. आता इटलीहून चार वर्षांपूर्वी बोटीने आलेल्या मजुराला हे कुठून ठाऊक असणार? पण उत्तर चुकलं की बुद्धी कमी, असा हिशोब लावला गेला.

यर्क्सबरोबर काम केलेल्या कार्ल ब्रिगहॅम या प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाने या आकड्यांवर १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं. निष्कर्ष असा, की उत्तर युरोपातले लोक बुद्धीने वरचढ. दक्षिण आणि पूर्व युरोपातले, तसेच कृष्णवर्णीय, कमी. त्या काळाची हवाच तशी होती. त्याच वर्षी इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांना, ते अमेरिकन सैन्यात राहिलेले असूनही, 'भारतीय माणूस गोरा नाही' म्हणून नागरिकत्व नाकारलं. भारतातून येऊन स्थायिक होण्याचा रस्ता तर १९१७ च्याच कायद्याने जवळजवळ बंद झाला होता.

याच ब्रिगहॅमने सैन्याच्या चाचणीवरून कॉलेजसाठी नवी परीक्षा तयार केली. २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार मुलांनी ती दिली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम अठरा सेकंद! नाव ठेवलं स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट. ॲप्टिट्यूड म्हणजे अंगची कुवत.

पुढे घडलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९३० मध्ये ब्रिगहॅमनेच आपला आधीचा अभ्यास निराधार असल्याचं छापून कबूल केलं. नंतर तर त्याने लिहिलं, की या गुणांमध्ये शाळा, घरची परिस्थिती, इंग्रजीचा सराव असं सगळंच मिसळलेलं असतं. पण तोवर गाडी सुटली होती. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांना श्रीमंत बोर्डिंग शाळांच्या बाहेरची हुशार मुलं शोधायची होती. हेतू चांगलाच होता. १९३४ पासून त्यांनी शिष्यवृत्तीसाठी ही परीक्षा वापरली. मग रेनॉल्ड जॉन्सन या शाळामास्तराच्या कल्पनेतून आयबीएमचं उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र आलं. पेन्सिलच्या खुणेतून वीज वाहते, एवढ्या साध्या तत्त्वावर ते चालायचं. आता लाखो पेपर तपासणं शक्य झालं. परीक्षेचा सगळा कारभार एकाच मोठ्या संस्थेकडे जाऊ नये, असं ब्रिगहॅमचं मत होतं. तो १९४३ मध्ये गेला आणि १९४७ मध्ये ईटीएस ही तशीच संस्था उभी राहिली.

त्याच सुमारास ब्रुकलिनमध्ये स्टॅनली कॅप्लन नावाचा स्थलांतरितांचा मुलगा घराच्या तळघरात शिकवण्या घेत होता. १९४६ पासून तो एसएटीची तयारी करून घेऊ लागला. बोर्ड म्हणायचं, या परीक्षेला शिकवणीचा उपयोग नाही. १९७९ मध्ये सरकारी तपासणीत दिसलं की काही मुलांचे गुण शिकवणीने वाढतात. मग ही कसली अंगची कुवत? १९९० च्या दशकात 'ॲप्टिट्यूड'च्या जागी 'असेसमेंट' आलं, आणि पुढे तेही गेलं. उरली नुसती अक्षरं. २०१५ पासून तर खुद्द बोर्डच खान अकॅडमीच्या मदतीने मोफत तयारी करून देतं. मुलांना ते जरूर दाखवा.

मग ही परीक्षा वाईट का? मला तसं वाटत नाही. १९६५ च्या कायद्याने दार उघडलं. त्यानंतर सांगली-अकोल्याच्या कॉलेजचं नाव इथे कुणी ऐकलं नसेल, पण जीआरईचा आकडा सगळ्यांना कळायचा. आपल्यापैकी कित्येक जण त्याच आकड्यावर इथे पोचलो. २०२० मध्ये कोविडमुळे बहुतेक कॉलेजांनी परीक्षा ऐच्छिक केली, पण २०२२ मध्ये एमआयटीने ती पुन्हा सक्तीची केली. साध्या शाळेतल्या हुशार मुलांना आपली तयारी दाखवायला हे गुण उपयोगी पडतात, हे त्यांचं एक कारण. उलट, कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश देताना हे गुण पाहतच नाही. म्हणून प्रत्येक कॉलेजचा नियम आधी तपासा.

आता एक कबुली. मागच्या वेळी मुलीला १५२० मिळाले, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "उरलेले ऐंशी कुठे गेले?" ती हसली, पण त्या दिवशी जेवायला खाली आली नाही. परवा परीक्षा संपवून ती गाडीत बसली, तेव्हा तिला ब्रिगहॅमची गोष्ट सांगितली. ऐकून म्हणाली, "म्हणजे ज्याने बनवली, त्यालाच पटत नव्हतं?" मी म्हटलं, "हो. आणि मागच्या वेळी मीही चुकलो."

तुमच्या घरी या महिन्यात निकाल येणार असेल, तर आकडा विचारण्याआधी पेपर कसा गेला ते विचारा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.