खोल खाणीतला गारवा आणि त्याचं वीजबिल

बोर्ली पंचतनला खाणींवर काय बोलणार, असं येताना आम्हाला विचारलं गेलं. आपल्याला ठाऊक ती जांभ्याची चिरेखाण, उघड्यावरची. पण आजच्या विषयाची किल्ली आपल्याच जिल्ह्यात आहे.

आधी कोलारला जाऊ. तिथल्या सोन्याच्या खाणी जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने 1880 मध्ये हाती घेतल्या. चॅम्पियन रीफची खाण पुढे 3 किलोमीटरांहून खोल गेली. तिथे खडकाचं तापमान 60 अंशांच्या पुढे. वरून हवा सोडावी, तर तीही उतरताना दाबली जाऊन दर 100 मीटरला साधारण एक अंश तापते. म्हणजे नुसत्या पंख्यांनी भागत नाही, हवा गारच करावी लागते. ब्राझीलच्या मोरो वेल्होत 1920 मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या रॉबिन्सन डीपमध्ये 1935 मध्ये शीतयंत्रं आली, ती याच कारणाने.

आता खर्च कुठे होतो ते बघा. थंड पाणी खाली आपोआप जातं, पण वापरून झालं की वर चढवावं लागतं. एक टन पाणी 3 किलोमीटर वर आणायला, पंपाची तूट सोडली तरी, 8 युनिट वीज! शिवाय पडताना पाणी स्वतःच दर किलोमीटरला दोन अंशांहून जास्त तापतं. केलेला गारवा वाटेतच जातो.

उपाय काय? इथे भिरा आठवा. मुळशीचं पाणी सुमारे 500 मीटर खाली सोडून तिथे 1927 पासून वीज होते. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींनी हेच जमिनीखाली केलं: उतरत्या पाण्याच्या वाटेत टर्बाइन बसवलं. पाणी कमी तापलं, आणि मिळालेली वीज पंपांच्या कामी आली.

दुसरा उपाय भरडखोलच्या होडीवाल्यांना सांगायला नको. ते थंड पाणी नेत नाहीत, बर्फ नेतात. वितळताना बर्फ इतकी उष्णता ओढतो, की पाच अंशांच्या पाण्यापेक्षा चौथ्या हिश्श्याहून कमी वजनात तेवढंच काम होतं. बर्फ करायला वीज जास्त लागते खरी. पण खाण खूप खोल असली तर पंपिंगमध्ये ती भरून निघते. 1980च्या दशकात तिथे बर्फ उतरू लागला तो म्हणूनच.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त, आणि जपून वापरायचा. पंख्याची हवा 20 टक्के कमी केली की वीज जवळजवळ निम्मी होते. जिथे माणूस नाही तिथे जरूर करावी. पण हिशेबनीस वर बसतो आणि माणूस खाली असतो. त्याच्या वाट्याची हवा कापली, तरी कागदावर ती बचतच दिसते.

कोलारला वीज आली 1902 मध्ये, कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले त्याच्या तीन वर्षं नंतर. आणि भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीची गावं बुडाली. 1921 चा सत्याग्रह आपल्याला माहीत आहे. म्हणून एक युनिट वाचलं असं कोणी सांगितलं, की आपण दोन गोष्टी विचाराव्यात: ते आलं कुठून होतं, आणि वाचवताना घाम कोणाचा वाढला?

कोलारची खाण 2001 मध्ये बंद झाली. हे प्रश्न मात्र आजच्या खाणींनाही लागू आहेत.