पैसा कोणाचा, शाळा कोणाची?

वाचकहो, बॉथेलच्या टेकडीवरचं कॉलेजचं आवार तुम्ही पाहिलं असेलच. थंडी सुरू झाली की संध्याकाळी तिथल्या पाणथळ झाडीत हजारो कावळे मुक्कामाला उतरतात आणि आपण मुलांना घेऊन ते बघायला जातो. कॅस्केडिया कॉलेज आणि यूडब्ल्यू बॉथेल या दोन संस्था तिथे शेजारी नांदतात.

आता कॅस्केडियाच्या एका वर्गात डोकावा. एका बाकावर सतरा वर्षांची मुलगी आहे. ती हायस्कूलची, ‘रनिंग स्टार्ट’ योजनेतून आलेली. पुस्तकं आणि किरकोळ खर्च घरचा, पण शिकण्याची फी तिला नाही. शेजारचा मुलगा एकोणीस वर्षांचा. विषय तोच, प्राध्यापक तेच, पण तो फी भरतो. पलीकडच्या इमारतीतला विद्यापीठाचा विद्यार्थी त्याहून जास्त भरतो, आणि पुण्याहून एफ-वन व्हिसावर आलेला विद्यार्थी त्याच्याहीपेक्षा कितीतरी जास्त.

एकच टेकडी आणि चार दर! सरकारी पैसा शिक्षणाच्या कुठल्या पायरीवर खर्च व्हावा आणि कुठल्या पायरीवर विद्यार्थ्याने खिशात हात घालावा, हे ठरतं कसं?

हाच प्रश्न १८८२ साली पुण्यातून विचारला गेला होता. शिक्षणाच्या पाहणीसाठी इंग्रज सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी त्याला लेखी निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा रोखठोक होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, पण तो उधळला जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे तेव्हाचं धोरण. फुल्यांना हे झिरपणं कुठेच दिसत नव्हतं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. पण एक लक्षात घ्या. सरकारने कॉलेजांतून अंग काढून घ्यावं, असं ते म्हणाले नाहीत. उलट त्याने नुकसानच होईल, असं त्यांनी बजावलं.

आयोगाने प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे सोपवायला सांगितलं. जबाबदारी खाली आली, पैसा मात्र तोकडाच राहिला. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. जे इंग्रज सरकारने नाकारलं, ते दोन संस्थानांनी करून दाखवलं: सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोद्यात, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिथे ज्याच्याकडे पैसा नव्हता, तो श्रम करून शिकला.

स्वातंत्र्यानंतर यशवंतराव चव्हाणांच्या काळात ‘ईबीसी’ सवलत आली. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणायचा, फॉर्म भरायचा आणि फी माफ! आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील त्या एका दाखल्यावर शिकले. पुढे १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, गावोगावची मुलं इंजिनिअर झाली, पण ‘डोनेशन’ हा शब्दही घराघरांत पोहोचला. म्हणजे एकाच गल्लीतला एक मुलगा नाममात्र फीत सरकारी कॉलेजात शिकला आणि दुसऱ्याच्या बापाने त्यासाठी जमीन विकली. आज ते दोघेही इथे एकाच कंपनीत शेजारी बसत असतील.

आता पुन्हा आपल्या टेकडीकडे येऊ. फुल्यांच्या निवेदनानंतर सातच वर्षांनी, १८८९ मध्ये, वॉशिंग्टन राज्याची घटना तयार झाली. राज्यातल्या सर्व मुलांच्या शिक्षणाची भरपूर तरतूद करणं हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य, असं तिच्यात लिहिलं आहे. पण नुसतं लिहून भागलं नाही. मॅक्लीअरी कुटुंब कोर्टात गेलं. राज्य हे कर्तव्य पाळत नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. तरी विधिमंडळ हलेना, तेव्हा २०१५ मध्ये रोज एक लाख डॉलर दंड लावला. ते प्रकरण मिटायला २०१८ उजाडलं.

ही हमी बारावीपर्यंतच्या शिक्षणाची. १९९० च्या कायद्याने आलेल्या रनिंग स्टार्टमध्ये त्या सतरा वर्षांच्या मुलीचा शाळेसाठीचा सरकारी पैसा तिच्यामागे कॉलेजात येतो. शेजारच्या मुलाची हमी हायस्कूलच्या डिप्लोमाबरोबर संपली. कॉलेजांच्या पैशाला घटनेचं तसं कवच नाही. म्हणूनच २००८ च्या मंदीनंतर कात्री तिथे लागली आणि फी भराभर वाढली. २०१५ मध्ये कायदा करून ती थोडी उतरवली, आणि २०१९ च्या कायद्याने कमी व मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी ‘वॉशिंग्टन कॉलेज ग्रँट’ वाढवली. ती आपल्या ईबीसीची धाकटी बहीणच म्हणा.

आपल्या शाळांचा काही पैसा अजूनही स्थानिक लेव्हीतून येतो. तिची मतपत्रिका टपालाने घरी येते. लेव्हीला साधं बहुमत पुरतं. शाळेच्या इमारतींसाठीच्या बाँडला ६० टक्के मतं लागतात. ‘आमची मुलं तर कधीच शाळेतून बाहेर पडली, आता आम्ही का प्रॉपर्टी टॅक्स भरायचा?’ हे वाक्य मी आपल्याच कट्ट्यांवर ऐकलं आहे. प्रश्न गैर नाही. कराचं ओझं खरं आहे. पण आपण शिकलो तेव्हा आपल्या फीचा उरलेला भाग कोणीतरी भरत होतं. त्या माणसाची मुलं आपल्या वर्गात होती का? बहुतेक नव्हती. फुल्यांचं म्हणणं नेमकं हेच होतं.

तरुण मित्रांनो, या दिवाळीत आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावाल, तेव्हा फराळाच्या गप्पा झाल्या की एवढंच विचारा: तुमची फी किती होती, आणि ती कोण भरत होतं? उत्तर लिहून ठेवा. पुढची मतपत्रिका आली की ती उघडण्याआधी एकदा वाचा.