अटारी २६०० कार्ट्रिजमधील घरगुती नकला ओळखणे

अटारी २६०० या अमेरिकी व्हिडिओ गेम संचाची कारखान्यात तयार झालेली कार्ट्रिजे सर्वपरिचित आहेत. त्यांखेरीज हौशी वापरकर्त्यांनी कोऱ्या चिपवर स्वतः उतरवून घेतलेल्या खेळांची कार्ट्रिजेही १९८० च्या दशकापासून आढळतात. अशा नकलांमध्ये बहुधा ईप्रॉम या प्रकारची चिप असते. खेळ बाजारात येण्यापूर्वी कंपन्यांच्या प्रयोगशाळांत तयार होणाऱ्या पूर्वनमुन्यांतही हीच चिप वापरली जात असे. त्यामुळे दोहोंचे बाह्यरूप अनेकदा सारखे असते आणि घरगुती नक्कल दुर्मीळ पूर्वनमुना म्हणून विकली जाते. याच्या उलटही घडते. कधीही प्रसिद्ध न झालेल्या खेळाची एकमेव शिल्लक प्रत मामुली नक्कल समजून पुसली किंवा टाकून दिली जाण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

हा संच सप्टेंबर १९७७ मध्ये ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टीम’ या नावाने अमेरिकेत विक्रीस आला. ‘२६००’ हे नाव त्याला १९८२ मध्ये मिळाले. खेळाची आज्ञावली संचात नसून बदलता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये असते. (महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेल्या पुढच्या काळातील संचांच्या कार्ट्रिजला बोलीभाषेत ‘कॅसेट’ म्हणत, मात्र तिच्यात ध्वनिफीत नसे.) कारखान्यात तयार झालेल्या कार्ट्रिजमध्ये मास्क रॉम ही चिप असते. तिच्यातील माहिती चिप घडवतानाच कोरली जाते व पुढे बदलता येत नाही. मोठ्या संख्येने उत्पादन असेल तरच ती परवडते. एक-दोन प्रतींसाठी प्रयोगशाळेला आणि हौशी नक्कलकाराला ईप्रॉमशिवाय पर्याय नव्हता.

ईप्रॉमचा शोध इंटेल कंपनीतील डोव्ह फ्रोमन यांनी लावला व ती १९७१ मध्ये बाजारात आली. विद्युतभाराच्या साहाय्याने तिच्यावर माहिती लिहिली जाते आणि अतिनील किरणांनी ती पुसता येते. त्यासाठी चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल, पारदर्शक खिडकी असते. खिडकीतून आतील चौकोनी सिलिकॉन तुकडा साध्या डोळ्यांनी दिसतो. कार्ट्रिज उघडल्यावर ही खिडकी, किंवा ती झाकणारी चिकटपट्टी दिसली, तर आत मास्क रॉम नाही एवढे निश्चित होते. प्रत कोणी तयार केली हे मात्र त्यावरून समजत नाही.

सर्किट बोर्डवरील खुणा

२६०० च्या कार्ट्रिजला २४ संपर्कबिंदू असतात : १३ पत्त्याच्या वाहिन्यांची, ८ माहितीच्या वाहिन्यांची, एक ५ व्होल्ट पुरवठ्याचे आणि दोन भूसंपर्काची. संचातील ६५०७ हा प्रक्रियक या १३ वाहिन्यांद्वारे ८ किलोबाइट जागा हाताळू शकतो व तिचा अर्धा भाग, म्हणजे ४ किलोबाइट, कार्ट्रिजच्या वाट्याला येतो. सर्वांत वरची, ‘ए१२’ या नावाची वाहिनी उच्च पातळीवर गेली की कार्ट्रिजमधील चिप जागी होते.

घरगुती नकलांची सर्वांत बोलकी खूण येथूनच निर्माण होते. मास्क रॉम मागवताना निवडसंकेत उच्च पातळीचा हवा असे कारखान्याला सांगता येत असे. बाजारात मिळणारी ईप्रॉम मात्र निम्न पातळीच्या संकेतानेच जागी होते. साहजिकच ए१२ चा संकेत मध्येच उलटवावा लागतो आणि त्यासाठी बहुधा ७४एलएस०४ ही इन्व्हर्टर चिप जोडलेली असते. (वीज गेल्यावर घरात लागणाऱ्या इन्व्हर्टरशी हिचा संबंध नाही.) अटारीच्या प्रयोगशाळेतील ईप्रॉम बोर्डांवर या चिपसाठी स्वतंत्र, छापील जागा केलेली असे. घरगुती नकलेत तीच चिप पाय वर करून चिकटवलेली, ईप्रॉमच्या पाठीवर बसवलेली किंवा बारीक तारांनी अधांतरी जोडलेली आढळते.

दुसरी खूण पायांच्या मांडणीची आहे. ४ किलोबाइटच्या २७३२ या प्रचलित ईप्रॉममध्ये ए११ ही वाहिनी २१ व्या पायावर असते, तर मास्क रॉमच्या बोर्डावर ती १८ व्या पायाकडे जाते. म्हणून मूळ बोर्डावर २७३२ बसवताना पाय वाकवून तारा फिरवाव्या लागतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या २५३२ या चिपची मांडणी मास्क रॉमशी जुळते, त्यामुळे तिला केवळ इन्व्हर्टर पुरतो व असे काम अधिक नेटके दिसते. नेटकेपणावरून कंपनीचे काम आणि ओबडधोबडपणावरून घरगुती काम असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते. घाईत तयार झालेले प्रयोगशाळेतील बोर्ड काही वेळा हौशी कामापेक्षाही गबाळे असतात. अधिक भरवशाची बाब म्हणजे बोर्डाचा उगम. विकल्या गेलेल्या एखाद्या स्वस्त खेळाचे बोर्ड घेऊन, मूळ चिप काढून, त्या जागी ईप्रॉम बसवली असल्याच्या सोल्डरिंगच्या खुणा असतील, तर नकलेची शक्यता पुष्कळ वाढते.

चिपवरील दिनांक

चिपवर बहुधा चार अंकी दिनांकसंकेत छापलेला असतो. पहिले दोन अंक वर्षाचे व पुढचे दोन आठवड्याचे असतात. उदाहरणार्थ, ८२३१ म्हणजे १९८२ चा ३१ वा आठवडा. या पुराव्याचे वजन एकतर्फी आहे. खेळ विक्रीस आल्यानंतरच्या दिनांकाची चिप त्या खेळाचा प्रसिद्धीपूर्व नमुना असू शकत नाही. परंतु आधीच्या दिनांकावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण जुनी चिप पुसून कितीही वर्षांनी पुन्हा लिहिता येते. जुन्या चिपा आजही विकत मिळतात, हे खरेदीदारांच्या सहसा ध्यानात येत नाही.

चिपमधील मजकूर

निर्णायक पुरावा बहुतेक वेळा चिपच्या आतच असतो. वाचकयंत्राने चिपमधील सर्व बाइट वाचून प्रसिद्ध खेळाच्या ज्ञात प्रतीशी ताडून पाहिले जातात. दोन्ही तंतोतंत जुळल्यास वस्तू नक्कल असण्याची शक्यता मोठी असते, तरी विक्रीपूर्व अंतिम आवृत्तीचा अधिकृत नमुनाही असाच जुळतो. अशा वेळी बोर्ड, दिनांक आणि वस्तू कोणाकडून आली याचा इतिहास यांवरच भिस्त ठेवावी लागते.

फरक आढळल्यास मात्र उतावीळपणे अप्रकाशित आवृत्ती सापडल्याचे जाहीर करणे धोक्याचे असते. कोऱ्या ईप्रॉममधील प्रत्येक बिट १ असतो व लिहिताना त्यांपैकी काहींचे ० केले जातात. अनेक वर्षांनी साठवलेला विद्युतभार गळू लागला की ० चे पुन्हा १ होतात. त्यामुळे ज्ञात प्रतीशी असलेले सर्व फरक ० च्या जागी १ असे एकाच दिशेचे व विखुरलेले असतील, तर ती वेगळी आवृत्ती नसून जीर्ण झालेली नक्कल असण्याचाच संभव अधिक. खऱ्या पूर्वनमुन्यात फरक दोन्ही दिशांचे असतात. शिवाय आज्ञावलीचे भाग सरकलेले, चित्रे बदललेली किंवा गुणांची पद्धत निराळी असते. जीर्ण चिप दर वाचनाला वेगळे उत्तर देऊ शकते, म्हणून ती अनेकदा वाचून पाहतात.

खेळाच्या आकारावरूनही काही अंदाज बांधता येतो. ४ किलोबाइटपेक्षा मोठ्या खेळांना स्मृतीचे भाग आलटूनपालटून पुढे आणणारी जास्तीची जोडणी लागते. १९८१ चा अ‍ॅस्टेरॉइड्स हा अटारीचा अशा पद्धतीचा पहिला खेळ. तत्कालीन घरगुती नकला प्रामुख्याने २ व ४ किलोबाइटच्या खेळांच्या आढळतात, याचे एक कारण हेच. अ‍ॅक्टिव्हिजनच्या पिटफॉल २ मध्ये तर डेव्हिड क्रेन यांनी आखलेली स्वतंत्र साहाय्यक चिप होती. नुसत्या ईप्रॉमवर त्या खेळाची चालती नक्कल होऊच शकत नव्हती.

नक्कलयंत्रे आणि कायदा

सर्व नकला सोल्डरिंग करून तयार झालेल्या नाहीत. कार्ट्रिजवरून थेट कोऱ्या कार्ट्रिजवर खेळ उतरवणारी यंत्रेही विकली जात. त्यांपैकी ‘प्रॉम ब्लास्टर’ या यंत्राविरुद्ध अटारीने जेएस अँड ए या टपालविक्री कंपनीवर इलिनॉय राज्यातील संघराज्यीय न्यायालयात दावा केला. अमेरिकी प्रताधिकार कायदा संगणक आज्ञावलीची राखीव प्रत ठेवू देतो, हा बचाव १९८३ मध्ये न्यायालयाने स्वीकारला नाही. रॉममधील माहिती विद्युत बिघाडाने सहज नष्ट होत नाही, तेव्हा राखीव प्रतीची गरजच उरत नाही, असे कारण देऊन विक्रीस मनाई करण्यात आली. अशा यंत्रांसाठीच्या कोऱ्या कार्ट्रिजांचे बोर्ड छापील व सुबक असल्याने ती प्रयोगशाळेतील वस्तू असल्याचा भास सहज होतो.

हाताळणी

खिडकी उघडी राहिल्यास थेट सूर्यप्रकाशात साधारण एका आठवड्यात, तर ट्यूबलाइटच्या सततच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत ईप्रॉम पुसली जाऊ शकते, असे उत्पादकांची माहितीपत्रके नमूद करतात. अतिनील दिव्याखाली याच कामाला १५ ते २० मिनिटे पुरतात. म्हणून खिडकीवरील पट्टी ओढून काढणे टाळावे लागते. तिच्यावर हाताने लिहिलेले खेळाचे नाव किंवा दिनांक हाही पुरावाच असतो. पट्टी सुटली असेल तर अपारदर्शक पट्टीने खिडकी झाकून मगच चिप वाचायला घेतात. प्रकाशित खेळाची नक्कल ठरलेली चिपही मूळ मजकूर उतरवून ठेवल्याशिवाय जाणकार संग्राहक पुसत नाहीत.