पागोळीची रेघ

आमच्याकडे दापोली तालुक्यात घर कुठं संपतं ते पागोळीवरून ठरतं. छपराच्या कडेवरून पाणी जिथं जमिनीवर पडतं, तिथं बारीक खळग्यांची सरळ रांग उमटते. रेघेच्या आतलं ते घर आणि बाहेरचं ते अंगण, नाहीतर शेजाऱ्याचं. भावाभावांत वाटणीचं भांडण लागलं की माणसं या रेघेवर येऊन उभी राहतात. भांडण काही आजचं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सांगितलंय, की शेजारच्या दोन घरांची छपरं चार अंगुळं अंतरावर असावीत, नाहीतर एकाचं दुसऱ्यावर आलेलं असावं. म्हणजे तेव्हाही कुणाची तरी पागोळी कुणाच्या तरी ओटीवर पडत असणार.

घर बांधणारा माणूस पायाचं बोलतो, भिंतीचं बोलतो, पण छपराची कड कुणाच्या तोंडी नसते. खरं तर कोकणात भिंत जगते ती या कडेच्या जिवावर. आमच्या भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यात वारा नैर्ऋत्येचा. माझा आजा म्हणायचा, "पाऊस वरनं पडत नाय रं, बाजूनं येतो." त्याच्या घराच्या भिंती मातीच्या. मातीची भिंत एकदा बुडाशी भिजली की फुगते, पोपडे सुटतात आणि श्रावणापर्यंत एखादा कोपरा बसतोच. म्हणून छप्पर भिंतीच्या पुढं दोन-अडीच हात काढलेलं, आणि इतकं खाली उतरवलेलं की मोठ्या माणसाला वाकूनच ओटीवर यावं लागे. पाहुणा डोकं आपटून घ्यायचा आणि आजी आतून हसायची. पण कड खाली असली तरच झड अडते, हे त्यातलं मर्म. तीच कड चार हात वर नेली तर तेवढ्याच लांबीची असूनही पाऊस तिच्याखालून सरळ भिंतीवर येतो.

त्या कडेखाली, भिंतीला लागून जी जागा, ती वळचण. इरलं, कोयती, विळे, सुकवलेली काटकी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं तिथं. घरात जे मावत नाही आणि बाहेर टाकवत नाही, ते वळचणीला.

आजाचं छप्पर गवताचं. गवताला उतार चांगला उभा लागतो, नाहीतर पाणी आत मुरतं आणि गवत कुजतं. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी. सगळी वाडी एकेका घरावर चढायची. कडेचं गवत सर्वांत आधी सडे, म्हणून तिथं जाड पेंड्या लावून काथ्यानं आवळायच्या, आणि पश्चिमेच्या बाजूला माडाच्या झापांची झडी बांधायची. पुढं वडिलांनी नळे चढवले. कुंभाराचे हातानं केलेले नळे वजनाला हलके, पण माकडानं एक उडी मारली की ओळ सरकायची.

मग मंगळुरी कौल आलं. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी 1865 साली मंगळुरात त्याचा कारखाना काढला. आमच्या जुन्या कौलांत मिशनचं नाव आणि ते साल ठशात उमटलेली दोन-तीन अजून आहेत, मी ती फोडू दिली नाहीत. कौलाच्या पोटाला नाक असतं, ते रिपेत अडकतं. एकाची खोबण दुसऱ्यात बसते. उतार गवतापेक्षा कमी चालतो. आमच्या घरावर ती 1974 साली चढली. वाकायचं संपलं, आणि तेव्हा कडही हातभर आखूड झाली. सुताराचं म्हणणं, भिंत आता चिऱ्याची, तिला एवढ्या पदराची काय गरज?

चिऱ्याला लागत नाही असं नाही, फक्त तो बोलायला वेळ घेतो. वाशांची टोकं मात्र लवकर बोलतात. कडेच्या शेवटच्या कौलाखालून पाणी मागं वळून लाकडावर आलं की दोन पावसाळ्यांत टोक काळं पडतं, आणि मग वाळवी. त्यावर जुना उपाय म्हणजे काजूच्या टरफलांचं काळं तेल, मे महिन्यात दोन हात. आणि टोकांवर लाकडी झालर. लोक तिला शोभा समजतात. तिची खालची टोकं कोरलेली असतात ती पाणी तिथं जमून थेंब तुटावा म्हणून, लाकडावरून ते भिंतीकडं जाऊ नये म्हणून. झालर काढून टाकलेली घरं मी पाहिलीत, आणि त्यांचे वासेही.

कौलानंतर पत्रा आला, आणि पत्र्यानंतर स्लॅब. घरकुल योजनेतलं 269 चौरस फुटांचं घर बसवताना पागोळीचा विचार कोण करणार? खिडकीवर वीतभर छज्जा, बस्स. चार पावसाळ्यांत पश्चिमेची भिंत आतून ओली. आमच्या वाडीत बहुतेक स्लॅबवर आता पत्र्याची शेड उभी आहे. छपरावर छप्पर! कड परत आली, पण इतकी उंच की भिंतीला तिचा उपयोग थोडाच.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं आणि आम्हालाही झोडपून गेलं. तेव्हा या कडेची दुसरी बाजू दिसली. वारा लांब कडेखाली शिरला की तो वर उचलतो. कौलं कडेची आणि आढ्याजवळची आधी गेली, पण ती एकेक करून गेली. मधल्या फटींतून वारा निघून जात होता. पत्रे मात्र सांगाड्यासकट उडाले. लॉकडाउनमुळं मुंबईचे चाकरमानी घरीच होते, तीच माणसं ताडपत्र्या धरून उभी. पत्रे मिळेनात, कौलं मिळेनात, आणि मृग तोंडावर.

त्यानंतर गावात एक मत झालं, कड आखूड करा, वारा धरते. मला ते पटलं नाही. वादळ एखाद्या वर्षी, पाऊस दरवर्षी. मुलानं पश्चिमेच्या पडवीवर पत्रा घालायचं काढलं तेव्हा वेल्डर दीड फुटावर अडून बसला होता. शेवटी अडीच फूट ठरलं. पण कडेच्या रांगेला हूक दुप्पट, आणि प्रत्येक खांबाकडून एक तिरका पाइप खालून टेकू म्हणून. उंची साडेसहा फूट. मुलगा म्हणाला, "बाबा, डोक्याला लागंल." मी म्हटलं, "तुझी आजी असती तर हसली असती."

गेल्या पावसाळ्यात पागोळी भिंतीपासून चांगली लांब पडली. भिंतीच्या बुडाशी हात लावून पाहिला, कोरडी होती. पाणी चुलतभावाच्या हद्दीच्या वीतभर अलीकडं पडतं, पण वारा सुटला की थोडं पलीकडं जातं. त्याचं बोलणं अजून चालू आहे.