तांब्याचा तांब्या आणि इब्न अल्-हैथमचा आरसा

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर माझा एक जुना विद्यार्थी अब्बांना घेऊन घरी आला. चाकणमध्ये एका छोट्या ऑफिसात तो गाड्यांच्या सुट्या भागांची चित्रं कॉम्प्युटरवर बनवतो. भाग अजून घडलेलाही नसतो, तेव्हा ग्राहकाला दाखवायला त्याचं हुबेहूब चित्र लागतं. त्याला तो ‘रेंडर’ म्हणतो. लॅपटॉप उघडून त्याने स्टीलची एक गोल टोपी दाखवली. “सर, साहेब म्हणतात हे प्लास्टिक दिसतंय. दोन दिवस नुसता रंगच बदलतोय.”

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याच्या अब्बांनी भोसरीत पंचवीस वर्षं बफिंगच्या चाकावर माल घासलाय. बोटांच्या रेषा कधीच पुसल्या गेल्यात, खोकला मात्र राहिलाय. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “इसमें सामने का कुछ दिखताच नहीं.” मग मला समजावलं: घासलेला माल तपासताना तो ट्यूबलाइटखाली धरायचा. ट्यूबची रेघ त्यात सरळ दिसली तर पास, लहरली तर परत चाकावर.

पोरगा गप्प झाला. त्याच्या चित्रातल्या टोपीभोवती काहीच नव्हतं, नुसता करडा अंधार. रिकाम्या खोलीतला आरसा काय दाखवणार?

त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागलो. अब्बांनी एका नजरेत सांगितलेली गोष्ट कॉम्प्युटरवाल्यांना टप्प्याटप्प्याने उमगली होती. 1975 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी तरुणाने वस्तूवरचा चकाकता ठिपका काढण्याचं साधं सूत्र प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी तो वारला. सूत्र आजही शिकवतात. पण त्यातून निघणाऱ्या वस्तू बहुधा प्लास्टिकच्या वाटत. पुढच्याच वर्षी ब्लिन आणि नेवेल यांनी भोवतालचं चित्र वस्तूवर प्रतिबिंबासारखं उमटवण्याची युक्ती काढली. म्हणजे ट्यूबची रेघ आली.

तरी एक कोडं उरलं होतं, ते कुक आणि टॉरन्स यांनी 1981 च्या सुमारास सोडवलं. त्यांनी दोन फुलदाण्या दाखवल्या: एक तांब्याच्या रंगाच्या प्लास्टिकची, दुसरी तांब्याची. प्लास्टिकवर पडलेला काही प्रकाश वरच्या वर परततो, तो दिव्याच्याच रंगाचा. बाकीचा आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो. म्हणून लाल बादलीवरची चमक पांढरी असते. धातूत आत जाऊन परत यायची सोयच नाही. जे काही परततं ते पृष्ठभागावरून, आणि तांब्याच्या बाबतीत ते तांबूस होऊनच परततं. खरं वाटत नसेल तर घरातला तांब्या चिंचेने घासून खिडकीत धरा. दुसरं म्हणजे, कोणताही पृष्ठभाग सपाट नसतो. तो असंख्य बारीक आरशांचा बनलेला असतो, जो तो आपापल्या दिशेला कललेला. घासणं म्हणजे या आरशांना एका रांगेत उभं करणं. बफिंगवाला दिवसभर तेच करतो आणि रेंडरवाला तेच एका आकड्याने करतो.

आता इतिहासाकडे. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल्-हैथमने ‘किताब अल्-मनाझिर’ अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं. चरित्रकार सांगतात की तो हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरायचा. (शिकवण्या घेऊन पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींना ही ओळ फार जवळची वाटते.) त्याने सपाट, गोल, नळीसारखे, शंकूसारखे असे सात प्रकारचे आरसे तपासले आणि एक प्रश्न बारकाईने सोडवला: गोल आरशासमोर इथे दिवा आहे, तिथे डोळा आहे, तर आरशावरच्या नेमक्या कोणत्या बिंदूवरून किरण डोळ्यात येईल? त्याच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रश्न नुसत्या पट्टी-कंपासने सुटत नाही, हे 1997 मध्ये सिद्ध झालं. गोल टोपीवर ट्यूबची रेघ कुठे उमटेल, हा प्रश्न त्याच जातीचा.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “यानी सर, ये सब अपनेच लोगां ने बनाया?” नाही बेटा. व्हॉट्सअ‍ॅपवर तसं फिरतं, म्हणून मी तो तास जरा लांबवला. इब्न अल्-हैथमपुढे युक्लिड आणि टॉलेमी होते, ग्रीक होते. त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, 1572 मध्ये बाझलला छापला गेला, आणि युरोपने त्यावर पुढची इमारत बांधली. त्याने कॉम्प्युटर पाहिला नव्हता. शिवाय गंमत अशी, की डोळ्यातून किरण बाहेर पडतात असं म्हणणाऱ्या अल्-किंदीसारख्यांच्या विरोधात त्याने ठामपणे मांडलं होतं की प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो. तो बरोबर होता. पण आजचं रेंडर करणारं सॉफ्टवेअर पुष्कळदा उलटंच चालतं: डोळ्यापासून किरण सोडतं आणि तो दिव्यापर्यंत पोहोचतो का ते पाहतं. वाट दोन्हीकडून सारखीच, आणि डोळ्यात न येणाऱ्या किरणांचा हिशेब वाचतो. म्हणजे हिशेबापुरता अल्-किंदी परत आला! वर्ग हसला. मागच्या बाकावरचा जरा हिरमुसला, पण तास संपल्यावर तोच वहीत गोल आरसा काढून घेऊन आला.

अभिमान बाळगायला माझी हरकत नाही. हरकत एवढीच, की ज्याच्या आजोबांच्या भट्टीवर गावाच्या पितळेला कल्हई लागायची, नवसागराचा धूर निघायचा, कापसाच्या बोळ्याखाली कथिल पसरायचं, ज्याचे अब्बा बफिंग करतात, त्या पोराला बगदाद-कैरोची नावं पाठ असतात आणि घरातली विद्या मात्र विद्या वाटत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्यालाही अब्बांचं काम सांगताना लाज वाटायची. कॉलेजच्या फॉर्मवर त्याने ‘व्यवसाय’च्या रकान्यात ‘खाजगी नोकरी’ लिहिलं होतं. फॉर्म मीच तपासला होता, आणि मीही काही बोललो नव्हतो.

ईदनंतर तो पुन्हा आला. टोपीभोवती त्याने आता शेडचं छत, खिडक्या आणि वर दोन लांब ट्यूब मांडल्या होत्या. साहेबांनी चित्र पास केलं होतं. अब्बांनी स्क्रीन तिरपा केला, ट्यूबच्या रेघेवर बोट फिरवलं आणि कडेजवळ थांबले.

“यहाँ थोड़ा लहरा है,” ते म्हणाले.

पोराने झूम करून पाहिलं. लहर होती.