बुलबुलच्या घरट्यावर कॅमेरा लावताय? आधी हे वाचा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात पावसाळा सुरू झाला की अंगणातल्या कढीपत्त्यावर, जास्वंदीत किंवा गॅलरीतल्या टांगत्या कुंडीत वाटीएवढे घरटे दिसू शकते. डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीखाली लाल ठिपका असलेली जोडी तिथे ये-जा करत असेल, तर तो लालबुड्या बुलबुल. माणसाच्या वस्तीजवळ तो सहज घरटे करतो, म्हणून मोबाईल किंवा सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून त्याचा संसार पाहता येतो.

कॅमेऱ्यात काय दिसते?

मादी साधारण २ ते ३ फिकट गुलाबी, तांबूस ठिपक्यांची अंडी घालते. सुमारे १४ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात आणि अंगावर पिसे नसतात. नर आणि मादी दोघेही भरवतात. आधी अळ्या-किडे, पुढे फळेही. पिल्लांची विष्ठा पांढऱ्या पिशवीसारखी असते. आई-बाप ती चोचीत धरून दूर नेतात, त्यामुळे घरटे स्वच्छ राहते.

कॅमेरे सोपे नव्हते तेव्हा हे सारे डोळ्यांनीच टिपावे लागे. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांचे तासन्‌तास निरीक्षण केले. एकच नर एकामागून एक घरटी विणून अनेक माद्यांशी जोडी जमवतो, हे त्यातूनच उलगडले.

धोका कुठे आहे?

घरटे बांधताना आणि अंडी घालताना त्रास झाला तर पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात. चित्र स्पष्ट यावे म्हणून फांदी छाटली, तर पिल्लांवरची सावली जाते आणि घरटे कावळ्याच्या नजरेत येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते.

मग कसे पाहावे?

- मोबाईल घराच्या आत, खिडकीच्या काचेमागे ठेवा.
- बाहेरचा कॅमेरा लांब लावून झूम वापरा. तो लावल्यावर पक्षी परतत नसतील तर लगेच काढा.
- फ्लॅश आणि दिवा नको.
- अंडी-पिल्लांना हात लावू नका.
- व्हिडिओ टाकताना ठिकाण सांगू नका.

पिल्लू खाली दिसले तर?

पिल्ले साधारण दोन आठवड्यांत घरटे सोडतात, पण नीट उडता येण्याआधीच. म्हणून पिसे आलेले पिल्लू जमिनीवर दिसले म्हणजे ते पोरके झाले असे नाही. आई-बाप जवळच असतात आणि भरवत राहतात. मांजर-कुत्र्याचा धोका असेल तर ते अलगद जवळच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागल्याने आई-बाप पिल्लाला टाकून देतात, हा गैरसमज आहे. पिल्लू घरी आणून वाढवणे मात्र टाळा, कारण खाणे शोधायला ते आई-बापांकडूनच शिकते.