मृगाची तारीख आणि पावसाची चाल

महाराष्ट्राच्या शेतीत पावसाळा महिन्यांनी नव्हे तर नक्षत्रांनी मोजण्याची रीत फार जुनी आहे. आकाशातील सूर्याच्या भासमान मार्गाचे सत्तावीस समान भाग कल्पून त्यांना नक्षत्रे म्हटले जाते. सूर्य प्रत्येक भागात सुमारे साडेतेरा दिवस राहतो, आणि त्या काळात पडणारा पाऊस त्या नक्षत्राच्या नावाने ओळखला जातो. मृगापासून हस्तापर्यंतच्या नऊ नक्षत्रांत पावसाळ्याचे चार महिने सामावतात. लोकांनी या पावसांना घरातील माणसांसारखी नावे दिली: पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा आणि पूर्वांचा सुनांचा. या नावांमागे पिढ्यान् पिढ्यांचे निरीक्षण आहे. पंचांगात नक्षत्राबरोबर दिले जाणारे वाहन मात्र निरीक्षणातून आलेले नाही. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा, असे ते निव्वळ गणित आहे. हा भेद न केल्यामुळे नक्षत्रांच्या परंपरेतील खरे ज्ञानही पुष्कळदा अंधश्रद्धेच्या खात्यात जमा झाले, हे त्या परंपरेचे नुकसान होय.

पाऊस मोजण्याची कल्पनाही या भूमीला नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारापुढे ठरावीक तोंडाचे भांडे ठेवून पर्जन्य मोजण्याचा विधी सांगितला असून, द्रोण या मापात प्रदेशवार प्रमाणे दिली आहेत. अवंतीसाठी तेवीस द्रोण असा आकडा देणारा ग्रंथकार अपरांताला, म्हणजे कोकणाला, अमित ठरवून मोकळा होतो. त्याहून लक्षणीय आहे ती चांगल्या पावसाळ्याची त्याची व्याख्या: एकूण पावसाचा एक तृतीयांश भाग पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून, आणि दोन तृतीयांश मधल्या दोन महिन्यांत पडावा. जून ते सप्टेंबर या काळात देशात सरासरी सुमारे 87 सेंटिमीटर पाऊस होतो आणि त्यातला सुमारे 62 टक्के जुलै व ऑगस्टमध्ये पडतो, हे पाहिले म्हणजे त्या प्राचीन निरीक्षणाची अचूकता ध्यानात येते.

ऋतू पूर्वीसारखे राहिले नाहीत, ही तक्रार तपासताना मात्र एक अडचण उभी राहते, ती अशी की ज्या मोजपट्टीने ऋतू मोजायचे ती मोजपट्टीच सरकत असते. नक्षत्रांची कालगणना निरयन आहे, म्हणजे ती स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने चालते. ऋतू मात्र संपातावर, म्हणजे दिवस व रात्र समान होण्याच्या बिंदूवर, अवलंबून असतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा मंद डोलत असल्याने संपातबिंदू मागे सरकतो आणि सुमारे 72 वर्षांत या दोन गणनांमध्ये एका दिवसाचे अंतर पडते. आज सूर्य 7 किंवा 8 जूनला मृगात प्रवेश करतो. आजच्याच इंग्रजी कालगणनेत मांडले तर शिवकाळात हा दिवस 3 जूनच्या आसपास, ज्ञानेश्वरांच्या काळात मेअखेरीस आणि इसवी सन 500 च्या सुमारास मेच्या मध्यावर येत असे. रामटेकशी जोडल्या गेलेल्या ‘मेघदूत’ काव्यातील आषाढारंभीचा मेघ आजच्या वाचकाला उशिरा आलेला वाटतो, त्याचेही बरेचसे कारण याच सरकण्यात शोधता येते, कारण अधिक मासाच्या योजनेमुळे चांद्रमासही निरयन सौरमासांना बांधलेले आहेत. तेव्हा मृगाच्या पावसाची ओळख काही सनातन नव्हे. ती अलीकडच्या काही शतकांत पक्की झाली असावी, असे मानणे भाग पडते. मृगाचा किडा म्हणून ओळखला जाणारा मखमली लाल, आठ पायांचा इवलासा जीव तर पंचांग पाहून बाहेर येतच नाही. पहिल्या पावसाने जमीन भिजली की तो मातीतून वर येतो, मग नक्षत्र रोहिणी असो वा आर्द्रा.

पंचांगाच्या या सरकण्यापासून हवामानातील खरा बदल वेगळा काढता येतो तो यंत्रांनी घेतलेल्या सलग नोंदींमुळे. मुंबईत कुलाबा येथे 1826 मध्ये वेधशाळा स्थापन झाली, 1875 मध्ये भारतीय हवामान खाते अस्तित्वात आले, आणि 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळाने, ज्यात दख्खनचे पठार होरपळून निघाले, पावसाचा अंदाज ही राज्यकारभाराची निकड बनवली. पुढे 1928 मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. या खात्याने 1901 ते 1940 च्या नोंदींवरून मोसमी पावसाच्या आगमनाच्या व परतीच्या सर्वसाधारण तारखा ठरवल्या होत्या, आणि त्याच तारखा 2020 पर्यंत प्रमाण मानल्या गेल्या.

2020 मध्ये अलीकडच्या दशकांच्या नोंदींवरून या तारखा सुधारण्यात आल्या, तेव्हा मुंबईतील आगमन 10 जूनवरून केवळ 11 जूनवर गेले. म्हणजे सरासरीने पाहता मृगाने आपला शब्द फारसा मोडलेला नाही. परंतु पेरणी सरासरीवर होत नसते. मुंबईत 2023 मध्ये मोसमी पाऊस 25 जूनला, आर्द्रात पोहोचला, तर 2025 मध्ये तो 26 मे रोजी, रोहिणीतच दाखल झाला. वळवाच्या सरींना मोसमी पाऊस समजून, जमिनीत पुरेशी ओल उतरण्याआधी टाकलेले बियाणे उघडीप लांबली की करपते आणि दुबार पेरणी करावी लागते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने आगमनाच्या तारखेपेक्षा दोन पावसांमधील खंड अधिक घातक असतो. पावसाची वाटणीही बिघडली आहे: मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्याचे संशोधनातून दिसून आले आहे.

सर्वांत स्पष्ट बदल आहे तो परतीचा. हस्त म्हणजे हत्तीचा पाऊस. त्याच्या गडगडाटी सरींनी भरलेल्या ओलीवर सोलापूर व नगरकडील शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भिस्त असते, आणि ते नक्षत्र लागल्यापासून सोळा दिवस मुली हत्तीचे चित्र मांडून हादगा खेळत आल्या आहेत. हस्त साधारणपणे 27 सप्टेंबरला लागून 10 ऑक्टोबरच्या सुमारास संपते. जुन्या कोष्टकाप्रमाणे मोसमी पाऊस 29 सप्टेंबरला, हस्त लागताच, मुंबईचा निरोप घेत असे. 2020 च्या कोष्टकात ती तारीख 8 ऑक्टोबर आहे.